कायदा रद्द झाला, कबुली राहून गेली

"भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले." अशा मथळ्याची बातमी महिन्यातून एकदा तरी डोळ्यांखालून जाते. पॉलिश करून देतो म्हणाला आणि पाटल्या घेऊन पसार झाला, पोलीस असल्याची बतावणी केली, वगैरे. वाचताना कुणाला काही खटकत नाही. मलाही कित्येक वर्षं खटकलं नव्हतं. मग एकदा काही कामासाठी महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची यादी समोर आली. चौदा नावं आहेत: बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद.

तिसऱ्या नावापाशी मी अडखळले. म्हणजे आपल्याच राज्यात अशी मुलं आहेत, ज्यांच्या जातीच्या दाखल्यावर जो शब्द सरकारी शिक्क्यासकट लिहिलेला असतो, तोच शब्द सकाळच्या पेपरात चोरासाठी छापलेला असतो. हे त्या मुलाला पहिल्यांदा कधी कळत असेल, कोण सांगत असेल, याचा विचार मी त्याआधी एकदाही केला नव्हता.

विमुक्त म्हणजे मुक्त झालेले. पण कशातून? ओळखीतल्या बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांना मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. आरक्षणातला 'व्हीजे-अ, तीन टक्के' हा आकडा बहुतेकांना पाठ असतो. त्यामागची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. ती गोष्ट मी इथे सांगणार आहे. शिवाय इतकी मोठी गोष्ट आपल्याला ठाऊक कशी नाही, याबद्दलही बोलायचं आहे, कारण मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

कुणाच्या पोटी जन्मलास?

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला, 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट'. नेहमीचा फौजदारी कायदा तुम्ही काय केलंत हे बघतो. पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, आरोप सिद्ध व्हावा लागतो. या कायद्याला यातलं काहीच लागत नव्हतं. एखादी जमात 'गुन्हेगार' आहे अशी अधिसूचना सरकारने काढली की त्या जमातीत जन्मलेलं प्रत्येक माणूस त्यात आलं, मग त्याने आयुष्यात कुणाच्या शेतातलं कणीस तोडलेलं नसलं तरी. आणि त्या अधिसूचनेला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, हेही कायद्यातच लिहून ठेवलं होतं.

पुढचं काम रजिस्टरचं. जमातीतल्या माणसांची नावं नोंदवायची, नोंदणीला आला नाही तर तोही गुन्हा. मग हजेरी. ठरलेल्या वेळी चौकीवर किंवा पाटलापुढे उभं राहायचं, "हजर" म्हणायचं. दुसऱ्या गावी जायचं तर पास काढायचा, त्यावर कुठे, किती दिवस हे लिहिलेलं. बहिणीच्या गावी लग्नाला गेलेला माणूस पास संपल्यावर एक दिवस जास्त राहिला तर परत येताना त्याला अटक होऊ शकत होती. याच १८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथी लोकांवर होता, त्यांचीही अशीच रजिस्टरं होती. तो वेगळा विषय आहे, पण त्या काळच्या सरकारला नेमकी कोणती माणसं डोळ्यांत खुपत होती ते यावरून कळतं.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये तो नव्याने केला गेला आणि मुंबई, मद्रास इलाख्यांनाही लागू झाला, १९२४ मध्ये सगळे तुकडे एकत्र करून पुन्हा मंजूर झाला. दरवेळी तो अधिक कडक होत गेला. बोटांचे ठसे कधीही घेता येऊ लागले. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर कमीत कमी सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची. नोंदणी झालेला माणूस चोरीच्या बेतात असल्यासारख्या परिस्थितीत सापडला, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी व्हायला हवी असं नाही, न्यायालयाला तसं वाटलं की पुरे.

आणि या कायद्यातली जी तरतूद मला सगळ्यात असह्य वाटते ती मुलांबद्दल आहे. सहा ते अठरा वर्षं वयाच्या मुलांना आईबापांपासून काढून घेऊन सुधारगृहवजा शाळांमध्ये ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. बापाने गुन्हा केला म्हणून नव्हे, बाप त्या जातीचा म्हणून.

हेच लोक का?

ही यादी कुणाची आहे ते बघा. बंजारे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेत, मोठमोठ्या फौजांची रसद त्यांच्या तांड्यांवर चालायची. कैकाडी गाढवांवरून मीठ-धान्य न्यायचे, टोपल्या-कणग्या विणायचे. वडार दगडमातीचं काम करणारे. टकारी जात्या-पाट्याला टाकी लावत गावोगाव फिरणारे. पारधी शिकारी. रामोशी आणि बेरड तर किल्ल्यांचे, गावांचे राखणदार. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं, तोच कायद्याने चोर ठरला.

मधल्या काळात काय झालं होतं? मराठी राज्य बुडालं आणि रामोशांची गडावरची चाकरी, इनामं गेली. त्यातूनच उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं, १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिलं. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढच्या काही दशकांत रूळ जसजसे आत शिरले तसतसा तांड्यांचा धंदा आटत गेला. मिठावर सरकारी मक्ता आला. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झालं, शिकार आणि चराई गुन्हा ठरू लागली. ज्यांचं पोट चालण्यावर, फिरण्यावर होतं त्यांच्या पायाखालची वाटच काढून घेतली. त्यात १८५७ च्या उठावानंतर ज्याचं घर नाही, शेत नाही, ज्याच्याकडून सारा वसूल होत नाही, अशा माणसाची सरकारला धास्ती वाटू लागली होती. अशा माणसाला मोजायचं कसं, बांधायचं कसं?

इथे त्यांच्या मदतीला आपलीच एक समजूत आली. सुताराचा मुलगा सुतार, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी, मग चोराचा मुलगा चोर. जातीवरून धंदा ठरतो, म्हणजे चोरी हाही काही जातींचा धंदाच असणार, असा युक्तिवाद हा कायदा करणाऱ्यांनी केला. कायद्याची भाषा लंडनहून आली होती. हे गणित मात्र इथलं होतं, आपल्या घरात रोज मांडलं जाणारं. म्हणून "ते सगळं इंग्रजांनी केलं" असं कुणी म्हणालं की मला ते अर्धंच खरं वाटतं.

सोलापूरच्या तारा

सोलापुरात आजही 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' अशा नावाच्या वसाहती तिथे आहेत, क्रमांक एक, दोन, तीन असे. 'फ्री' कशासाठी, हे नव्या माणसाला कळणार नाही. तारेच्या कुंपणाच्या आत होती ती सेटलमेंट, आणि चांगली वर्तणूक दाखवलेल्या कुटुंबांना कुंपणाबाहेर राहू द्यायचे ती फ्री कॉलनी. नाव तसंच राहिलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात अशा वसाहती वसवल्या गेल्या. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग ही त्यातली ठळक नावं. जागा निवडताना रोजगाराचा विचार होता, आणि तो दोन्ही बाजूंनी होता. सोलापूर-हुबळीच्या कापड गिरण्यांना कामगार हवे होते, ते तारेच्या आत हजेरीसकट उपलब्ध होते. पळून जाण्याची सोय नसलेला कामगार कुठल्या मालकाला नको असतो? काही वसाहती सरकारने चालवल्या, काही मिशनऱ्यांनी. या सगळ्याला त्या वेळी 'सुधारणा' म्हणत. चालवणाऱ्यांतल्या काहींना मनापासून वाटत होतं की आपण या लोकांचं भलं करतो आहोत.

यात एक गुंता आहे आणि तो टाळता येणार नाही. सेटलमेंटमध्ये शाळा होती, गिरणीचा पगार होता. तिथे अक्षरओळख झालेल्या माणसांची मुलं पुढे शिक्षक झाली, कारकून झाली, कार्यकर्ते झाली. म्हणून काही जुन्या घरांमध्ये सेटलमेंटची आठवण नुसत्या कडवटपणाची नाही. पण भलं करायला तार कशाला लागते, आणि रात्रीची हजेरी कशाला, याचं उत्तर त्या शाळेने दिलेलं नाही.

दुसरा रस्ता होता, हेही सांगायला हवं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. पारध्यांना त्यांनी जवळ केलं, कामं दिली. याच मातीत, त्याच काळात एका राज्यकर्त्याला हे दिसत होतं. तेव्हा "त्या काळी सगळेच तसा विचार करायचे" हे म्हणणंही टिकत नाही.

रद्द होणं आणि चुकलं म्हणणं

१९३६ मध्ये नेल्लोरला बोलताना जवाहरलाल नेहरूंनी या कायद्याच्या तरतुदींना राक्षसी म्हटलं होतं, कुठल्याही जमातीला अशी सरसकट गुन्हेगार ठरवता येत नाही असं बजावलं होतं. १९३७ ला मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, या कायद्याची चौकशी करायला कन्हैयालाल मुनशी यांची समिती नेमली गेली, कायदा राहिला. मुंबईने तो १९४९ मध्ये रद्द केला. केंद्राने अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभरातून तो गेला.

जरा हिशेब करा. १५ ऑगस्ट १९४७ नंतर पाच वर्षं सोळा दिवस. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, तिच्यात कायद्यापुढे समानता आहे, देशभर कुठेही फिरण्याचं स्वातंत्र्य आहे. त्यानंतरही अडीच वर्षांहून जास्त काळ या देशात जन्माने गुन्हेगार असण्याचा कायदा पुस्तकात होता. विमुक्त समाजातले जुने लोक म्हणतात की आमचं स्वातंत्र्य ३१ ऑगस्टचं. तो 'विमुक्त दिन' आजही तांड्यांवर, वस्त्यांवर साजरा होतो. बाकीच्या महाराष्ट्राला त्या दिवशी काही असतं याची गंधवार्ता नसते.

१९५२ चा रद्द करणारा कायदा अगदी छोटा आहे. जुना कायदा यापुढे नाही, एवढंच तो सांगतो. ऐंशी वर्षं ज्यांच्यावर तो चालवला गेला त्यांना उद्देशून त्यात एक वाक्य नाही. चुकलं असं कुणी म्हटलं नाही, नुकसानभरपाई नाही, हिरावलेल्या मुलांचा उल्लेख नाही. कार्यालयातलं जुनं कपाट हलवावं तसा कायदा हलवला. माझ्या मते सगळी गफलत इथे आहे. कायदा रद्द होतो तेव्हा पुढचा अन्याय थांबू शकतो. पण "तुम्ही गुन्हेगार नव्हता, आम्ही चुकीचे होतो" हे मोठ्याने सांगितलं गेलं नाही, तर लोकांच्या डोक्यातली समजूत तशीच राहते. उलट ती आणखी घट्ट होते, की हे लोक मुळात चोरच, सरकारने दया दाखवून सोडलं.

आणि सरकारनेही सोडलं असं कुठे झालं? जुना कायदा जाताच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. त्यात जमातीचं नाव नाही, शिक्षा झालेल्या व्यक्तीला तो लागू होतो, कागदावर हा फरक मोठाच आहे. पण ठाण्यातलं रजिस्टर, नजर, पत्ता कळवण्याची सक्ती ही सगळी ओळखीची माणसं नव्या नावाने परत आली. त्याच १९५९ साली भीक मागण्याविरुद्ध कायदा आला. त्याआधी १९४९ मध्ये दारूबंदी आली होती. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तितर-लावे, ससे पकडून जगणाऱ्या पारध्याचं उरलंसुरलं कौशल्यही गुन्हा झालं. यातला एकेक कायदा वेगळा घेतला तर त्यामागचं कारण पटतं. वन्यजीव वाचायलाच हवेत. पण हे सगळे मिळून ज्या एकाच माणसाच्या अंगावर पडले त्याला पर्याय काय दिला, हे कुणी पाहिलं नाही.

आपण का बघत नाही

इथे मला माझ्या आजोबांबद्दल लिहावं लागेल. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावचे ते पोलीस पाटील होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी जायचो तेव्हा कधीकधी ओढ्याच्या पलीकडे पारध्यांची पालं पडायची. आजी आम्हाला अंगणातून आत घ्यायची, वाळत घातलेली लुगडी काढायची. अण्णा डोक्याला पटका गुंडाळून पालांकडे जायचे, माणसं मोजायचे, कुठून आलात, किती दिवस राहणार ते विचारायचे, आणि संध्याकाळच्या आत ठाण्यात वर्दी पोचलेली असायची. त्या लोकांनी काही केलेलं नसायचं. पालं पडली, एवढंच.

हे १९८० च्या आसपासचं. कायदा रद्द होऊन तीस वर्षं होत आली होती. अण्णांनी ते कलम कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण १८७१ च्या कायद्यातच लिहिलं होतं की गावचे मुखिया, चौकीदार आणि जमीनमालक यांनी अशा लोकांची खबर सरकारला द्यायची. गोरा साहेब तालुक्यालाही क्वचित दिसायचा. हजेरी घेणारा, पास बघणारा, वर्दी देणारा माणूस आपला होता. आमच्या घरातला होता.

अण्णा वाईट नव्हते. दुष्काळात त्यांनी घरचं धान्य गावात वाटलं होतं, हे आजही म्हातारी माणसं सांगतात. आणि नेमकं म्हणूनच मला ही गोष्ट घरात काढायला वीस वर्षं लागली. मी काढली तेव्हा वडील म्हणाले, "अगं, त्यांची ड्यूटीच होती ती." मग थोड्या वेळाने, "आणि चोऱ्या व्हायच्या बरं का गं."

या दोन वाक्यांत सगळा समाज बोलतो असं मला वाटतं. भूतकाळातला अन्याय डोळ्यांसमोर आणायला माणसं का कचरतात, याची पुस्तकी कारणं बरीच सांगता येतील. पण मुळाशी हेच असतं की अन्याय करणारा आपल्याला राक्षस हवा असतो, दूरचा, परक्या भाषेचा. तो आपल्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारा निघाला की आपण विषय बदलतो. इंग्रजांवर सगळं ढकललं की अण्णा वाचतात.

"ड्यूटी होती" याचं उत्तर सोपं आहे, कोल्हापुरात त्याच ड्यूटीवरचा हुकूम बदलला गेला होता. "चोऱ्या व्हायच्या" हे जास्त नीट बघायला हवं, कारण हा आक्षेप प्रत्येक ठिकाणी येतो आणि येणारच. हो, काही माणसं चोऱ्या करत होती. ज्याला जमीन नाही, जंगल बंद, फिरायला पास, गावात काम द्यायला कुणी तयार नाही, त्याच्यातला कुणी रात्री खळ्यावर गेला असेल. त्याच गावांत खतं खोटी लिहून जमिनी गिळणारे सावकारही होते. त्यांच्या जातीचं रजिस्टर कुणी केलं नाही. एका सावकाराच्या लबाडीवरून त्याच्या नातवाला सहाव्या वर्षी आईपासून तोडलं नाही. चोरी झाली तर चोराला पकडा, यावर कुणाचंच दुमत नाही. या कायद्याने चोराऐवजी त्याच्या चुलत्याची न जन्मलेली मुलगी पकडली होती.

न बघण्याचं आणखी एक साधन म्हणजे न मोजणं. जातवार संपूर्ण आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले ते १९३१ च्या जनगणनेत. त्यानंतर भटके-विमुक्त देशात किती आहेत याचा धड आकडा कुणाकडेच नाही. एका राज्यात अनुसूचित जातीत, दुसऱ्यात जमातीत, तिसऱ्यात इतर मागास, आणि काही तर कुठल्याच यादीत नाहीत, अशी विभागणी आहे. महाराष्ट्रातच बघा, फासे पारधी अनुसूचित जमातीत आहेत आणि पाल पारधी विमुक्त जातींत. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, मग भिकू इदाते यांचा आयोग झाला, त्याचाही अहवाल आला. दोन्ही अहवालांवर मोठी चर्चा झाल्याचं तुम्हाला आठवतं का? मला शाळेत हा कायदा शिकवल्याचंही आठवत नाही. चलेजाव, दांडी, सायमन कमिशन सगळं पाठ होतं.

न बघितल्याने काय होतं

काही जण म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं, उकरून काय मिळणार? हे गंगेला मिळालेलं नाही, म्हणून उकरायचं.

१९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन साबर हा खेडिया साबर जमातीचा तरुण पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मरण पावला. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी आपल्याकडे बारामतीत एका पारधी तरुणाचा मार खाऊन मृत्यू झाला. महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड या लेखकांनी देशभरच्या विमुक्तांसाठी हक्क संघटना उभी केली ती याच वर्षी.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर फिरणारे लोक. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. हा समाज विमुक्तांत नाही, भटक्यांत येतो. पण जमावाला यादी ठाऊक नसते. फिरतं माणूस म्हणजे संशयित, एवढंच त्याच्या डोक्यात असतं, आणि ते तिथे कुणी भरलं हे आपण कधी मोकळेपणी बोललेलो नाही. ती बातमी वाचली तेव्हा मला माझी आजी आठवली, लुगडी काढून आत घेणारी.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातभेदावर निकाल दिला. झाडलोट कुणी करायची हे जातीवरून ठरवणारे नियम राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत होतेच, शिवाय विमुक्त आणि भटक्या जमातींच्या माणसांकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणारे नियमही होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. चांगलं झालं. पण म्हणजे १९५२ नंतर बहात्तर वर्षं हे शब्द सरकारी पुस्तकांत बसून होते, आणि कुणाला तरी दिल्लीपर्यंत जाऊन ते काढून घ्यावे लागले.

दुसऱ्या देशाचं एकच उदाहरण देते, कारण ते मुलांचं आहे. ऑस्ट्रेलियात सरकारी धोरण म्हणून आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून वसतिगृहांत, गोऱ्या कुटुंबांत ठेवलं जात असे. १९९७ मध्ये त्यावर सविस्तर चौकशी अहवाल आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी खेद व्यक्त केला पण सरकारतर्फे माफी मागायला नकार दिला, आजच्या पिढीने आधीच्या पिढ्यांच्या कृत्यांची जबाबदारी का घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. १३ फेब्रुवारी २००८ ला नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. त्या मुलांपैकी कितीतरी जण तेव्हा म्हातारे झाले होते, ते संसदेत येऊन बसले होते. त्या माफीने तिथले आदिवासी सुखी झाले असं नाही, त्यांची गरिबी आणि तुरुंगातली त्यांची संख्या आजही त्या देशाची लाज आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला असं काही झालं होतं हे आज माहीत असतं. आपल्याकडे संसदेच्या गॅलरीत बसवायला सेटलमेंटमध्ये लहानपण गेलेले किती जण उरले असतील? १९४९ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत.

मोठ्या गोष्टी सरकारने करायच्या. छोट्यांना कुणाचा हुकूम लागत नाही. वर्तमानपत्रांनी 'भामटा' हा शब्द मथळ्यातून काढायचा ठरवला तर उद्यापासून निघू शकतो, 'ठकसेन', 'लुबाडणारा', 'चोरटा' असे हवे तितके शब्द मराठीत आहेत. 'पारधी टोळी जेरबंद' या बातमीत जातीचं नाव कशासाठी? इतर कुणाला पकडल्यावर आपण 'अमुक जातीची टोळी' असं छापतो का? मी स्वतः तो शब्द सोडायचा ठरवला तेव्हा लक्षात आलं की तो माझ्या तोंडात किती सहज येत होता. लाडाने लहान मुलालाही मी "काय भामटा आहे बघा" म्हणायचे.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीच्या जात पडताळणीच्या कागदांसाठी मी धावपळ करत होते. तिचं घराणं सेटलमेंटमधलं. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, की तुमचे पूर्वज त्या तारखेआधी इथे राहत होते आणि याच जातीचे होते. आजोबा शाळेत गेले नव्हते, शेत नव्हतं म्हणून सातबारा नव्हता, जन्माची नोंद नव्हती. आम्ही तीन कार्यालयं फिरलो. तिची आई बाकावर बसून होती. ती म्हणाली, "सासऱ्यांच्या दहा बोटांचे ठसे घेतले होते म्हणे सरकारने. रोज संध्याकाळी नाव पुकारायचे. ते रजिस्टर असेल की कुठेतरी. तेवढं बघा ना, ताई."